थंडीत खडखडणारे डिझेल इंजीन

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकण्याचे दिवस ऐन थंडीचे असतात. अशा सकाळी नाल्यावरचे किंवा बोडीवरचे इंजीन हँडल मारून सुरू केले की ते खडखडते. हा प्रत्येक आवाज बिघाडाचा नसतो. परंतु खरा बिघाड ओळखला न गेल्यास रोवणीच्या वेळी बांधीचे पाणी तुटते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. सिलिंडर गार असता पेटण्यास किंचित विलंब लागतो, आणि तोवर साचलेले डिझेल एकदम भडकून ठोका बसतो. बहुधा पांढरा धूरही निघतो. भार न देता इंजीन काही मिनिटे चालू द्यावे. ते तापल्यावरही ठोका कायम राहिल्यास नोझल व डिझेल सुटण्याची वेळ कारागिराकडून तपासून घ्यावी.

झडपांकडील हलकी टिकटिक निराळी. डिझेल बंद केल्यावर फ्लायव्हील फिरत असेतो ती ऐकू येत राहिली, तर दोष जळणाचा नव्हे. टॅपेटची फट मोजावी.

भार देताच वाढणारी खोल, बोजड धडधड मात्र सर्वांत घातक. ती बहुधा झिजलेल्या बेअरिंगची असते. इंजीन तत्काळ बंद करून वंगणाची पातळी पाहावी. पातळी ठीक असली तरी तपासणीवाचून पुन्हा सुरू करू नये. बेअरिंग बदलता येते. ओरखडे पडलेला क्रँकशाफ्ट फार महाग पडतो. अधिक दाट वंगण घालून आवाज दडविणे हा तर शुद्ध अविचार होय, कारण थंडीत तेच वंगण बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते.