डुगडुगणारा ब्लॉक: दोष वरचा की खालचा?

हुबळीच्या कोप्पीकर रोडसारख्या बाजाराच्या रस्त्यावर दुकानापुढचा पेव्हर ब्लॉक डुगडुगू लागला, की उपाय ठरलेला असतो. जवळच्या बांधकामावरून घमेलंभर सिमेंट-वाळूचा माल आणायचा, ब्लॉक उचलून खाली थापायचा, उरलेला सांध्यांत भरायचा. पुढच्या पावसाळ्यात तोच ब्लॉक पुन्हा हलतो, या वेळी शेजारच्या दोघांना सोबत घेऊन. मग दोष गवंड्याला, नाहीतर सिमेंटच्या ब्रँडला.

ब्लॉक सिमेंट कमी पडल्यामुळे सुटतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. इंटरलॉकिंग ब्लॉक कशालाच चिकटवलेले नसतात. खाली दाबून बसवलेली खडी, तिच्यावर 20 ते 40 मिलिमीटर वाळू, वर ब्लॉक आणि त्यांच्यामधल्या 2 ते 4 मिलिमीटरच्या सांध्यांत बारीक कोरडी वाळू. एका ब्लॉकवर वजन पडलं की सांध्यातली वाळू घर्षणाने ते शेजाऱ्यांवर वाटून देते. कडेचा पक्का कर्ब साऱ्यांना आवळून धरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये भाजलेल्या विटांची टंचाई झाली, तेव्हा रस्त्यांवर काँक्रीटचे ब्लॉक आले, तेही वाळूवरच. त्यामुळे ब्लॉक हलू लागला तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात: सांध्यात वाळू उरली आहे का, कर्ब सरकला आहे का आणि खालचा थर खचला आहे का.

मालाचं दुखणं वेगळं. तो कडक होतो आणि खालचा थर जरासा दबला तरी वाकत नाही, तडकतो. आजूबाजूचे ब्लॉक वजनाबरोबर सूक्ष्म हलत असताना मधला एकच ताठ उभा राहतो आणि कडा झडू लागतात.

‘सांधे सिमेंटने बंद केले की पाणी शिरणार नाही’ हाही लाडका युक्तिवाद. पाणी भेगेतून शिरतंच, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. पावसाळ्यात ब्लॉकवर पाय पडताच चपलेवर गढूळ पिचकारी उडते ना, ती खालच्या वाळूची निचरा होत नसल्याची तक्रार असते. प्रत्येक पावलागणिक त्या पाण्याबरोबर वाळूतले बारीक कण बाहेर फेकले जातात आणि पोकळी वाढते. इथे उपाय म्हणजे गटाराकडे नीट ढाळ आणि खालच्या थरातून पाणी निघायला वाट.

या भागात आणखी एक गोष्ट जमिनीतच आहे. धारवाडच्या ज्या काळ्या रेगडीमुळे एकोणिसाव्या शतकात इथला कापूस कुमठा बंदरातून परदेशी जात होता, ती कपाशीला मानवते, फरसबंदीला नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते. अशा मातीवर पाया घालताना वरची रेगड काढून मुरूम आणि खडीचे थर दाबून बसवावे लागतात. तो खर्च वाचवून वर महागडा ब्लॉक लावण्यात शहाणपण नाही.

मग अढेसिव्ह? टाइलचं अढेसिव्ह घट्ट, स्वच्छ, न हलणाऱ्या पृष्ठभागावर पातळ थरात लावायचं असतं. वाळूवर ते वरच्या चार कणांना धरतं, आणि ते कण कुणालाच धरून नसतात. काँक्रीटच्या पायरीवरची शहाबादी फरशी, ओट्याची कड, कर्बवरचा दगड सुटला असेल तर मात्र माल किंवा बाहेरच्या वापराचं अढेसिव्ह हाच योग्य इलाज आहे. आधी फरशीच्या पाठीवरची धूळ आणि जुना माल खरवडून काढायचा, एवढं पथ्य.

‘ब्लॉकच निकृष्ट असतात’ या मताला मुंबईने बरंच खतपाणी घातलं. डांबरी रस्त्यातला खड्डा तिथे वर्षानुवर्षं मूठभर ब्लॉक कोंबून बुजवला गेला. कडेला आवळायला कर्ब नाही, खाली पाया नाही, वर बसची चाकं. तिथे कुठलाही ब्लॉक टिकला नसता. जाडीचाही प्रश्न असतो. भारतीय मानक आयएस 15658 मध्ये वाहनं नसलेल्या जागेसाठी 50 मिलिमीटरचा ब्लॉक आहे, हलक्या वाहतुकीसाठी 60 चा. फूटपाथ म्हणून घातलेल्या पन्नाशीच्या ब्लॉकवर माल उतरवणारा टेम्पो चढवला, तर तक्रार ब्लॉकची कशी?

दुरुस्ती खरं तर सोपी आहे. हलणाऱ्या ब्लॉकसोबत भोवतीची एक ओळही उचलावी. खड्डा वाळूने भरू नये, कारण वाळूचा जाड थर पुन्हा दबतो. आधी खडी आणि कच टाकून धुम्मस करावं, मगच वाळूचा पातळ थर. ब्लॉक शेजाऱ्यांपेक्षा किंचित वर ठेवून रबरी हातोड्याने बसवावेत. जागा मोठी असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणावा. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत लोटावी. पहिल्या एक-दोन पावसांत ती खाली बसते, तेव्हा पुन्हा एकदा भरावी लागते.