पागोळीचा तंटा आणि आकाशातून मोजणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जी गोटमार होते, तिची वार्ता सर्वदूर पोहोचते. परंतु त्या मुलखातले सीमेचे तंटे एका दिवसात संपतात, असे कोणी समजू नये. खरे तंटे जुन्या वस्तीतील दोन घरांच्या मधल्या भिंतीवर बारा महिने चाललेले असतात. तेथे गोट्यांऐवजी वकिलांच्या नोटिसा फेकल्या जातात, एवढेच.

आमच्या सौंसरच्या घराचेच पाहा. आजोबांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा कागदावर लिहिले गेले की कडुनिंबाच्या उत्तरेकडील भाग धाकट्याचा. पुढे कडुनिंब वठला, तोडला गेला, आणि पागोळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते यावरून दोन चुलत घरांचे बोलणे बंद झाले. शेताचा खसरा होता, पटवाऱ्याच्या नकाशात बांध होते. घराचा कागद मात्र कराच्या पावतीपलीकडे काही नव्हता.

यात नवल नाही. या प्रदेशाला मोजणीचे वावडे कधीच नव्हते. १८०२ साली मद्रासहून त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ करणारा लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटास वारला. त्याची समाधी तेथेच आहे. पुढे इंग्रजी अमलात बंदोबस्त झाले. पण सरकारला हवा होता शेतसारा. आबादीतील घरांपासून तो मिळत नसल्याने सारी वस्ती नकाशात बहुधा एकच तुकडा म्हणून राहिली.

तो तुकडा आता उलगडू लागला आहे. खेड्यांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली आणि पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता. गावकऱ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेषा ओढायच्या आणि वरून ड्रोनने त्यांची छायाचित्रे घ्यायची, अशी ती रीत. नगरांसाठी ‘नक्शा’ हा उपक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी रायसेन येथे सुरू झाला. पहिल्या टप्प्यात देशातील १५२ नगरे घेतली गेली. त्यात सरळ वरून व तिरकस कोनातून घेतलेल्या छायाचित्रांबरोबर लेसर किरणांचाही उपयोग योजिला आहे.

लेसर कशाला, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या कवेलूंच्या छपरात आहे. कवेलू ज्या मातीचे, अंगणही त्याच मातीचे. वरून पाहणाऱ्या छायाचित्रात दोहोंचा रंग जवळजवळ एकच. विमानातून सोडलेला लेसरचा कण मात्र रंग पाहत नाही. तो खाली आदळून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा घड्याळ किती सूक्ष्म असावे लागते, याची कल्पना करावी! अशा लक्षावधी बिंदूंतून छप्पर जमिनीच्या वर उचललेले स्पष्ट दिसते. झाडाच्या बाबतीत तर एकाच किरणाचे अनेक प्रतिसाद येतात: पहिला शेंड्याच्या पानाचा, मधले फांद्यांचे आणि फटीतून वाट मिळाली तर शेवटचा मातीचा. पाने अदृश्य अवरक्त प्रकाश जोराने परतवितात, म्हणून त्या प्रकाशातील छायाचित्र जोडले की हिरवा पत्रा आणि हिरवे झाड यांची गफलत होत नाही. साधे पाणी तेवढे हुलकावणी देते. ते हा किरण बहुतांशी गिळते किंवा भलतीकडे परतविते, आणि जामचे पात्र नकाशात कोरे भोक होऊन राहावयाचे.

हे सारे केवळ घरमालकांच्या कामाचे नाही. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा सौंसर तहसील धरून स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे झाले की कचेऱ्या येतात, प्लॉट पडतात, आणि संत्र्यांच्या बागांवर पहिली दृष्टी जाते. छप्पर किती, डांबर व सिमेंट किती, उघडी माती किती, झाडे किती, याची नोंद आज झाली आणि काही वर्षांनी पुन्हा झाली, तर किती बागा गेल्या आणि पाणी मुरण्याची जागा किती आटली, हे अंदाजाने बोलावे लागणार नाही. विहिरींवर बाग जगविणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र एक गोष्ट आकाशातून दिसत नाही. कॅमेऱ्याला पागोळी दिसते, तिच्याखालची भिंत नव्हे. तिरकस चित्रांनी भिंत दिसली, तरी ती कोणाची हे दिसत नाही. त्यासाठी जागेवर पडताळणी आणि हरकती असतात, आणि तेथे जो हजर असतो त्याचे म्हणणे आधी लिहिले जाते. आपल्यापैकी कितीतरी जण इंदूर, भोपाळ, रायपूर येथे स्थायिक झालो; गावच्या घराला कुलूप आहे आणि कागद आजोबांच्या नावाचे आहेत. वारसांची नोंद, वाटणीपत्राची प्रत, कराच्या जुन्या पावत्या ही जुळवाजुळव मोजणीदार दाराशी आल्यावर होत नसते.

गेल्या दिवाळीत मी हे सारे चुलतभावास पत्राने कळविले. बऱ्याच वर्षांनी त्याचे उत्तर आले, तेही दोनच ओळींचे: आपल्याकडे मोजणी येईल तेव्हा चुना मी आणून ठेवतो, कडुनिंबाचे खोड नेमके कोठे होते, ते दादा, तुम्ही येऊन दाखवा.