एका इंजिनासाठी कुर्ला

सकाळी 8. गॅरेजचं शटर वर जायच्या आधीच डिझेल डिझायरवाले दादा येऊन उभे. अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली. कुणीतरी रस्त्यावरच पाणी काढून ती चालू करून दिली, आणि तिथेच घात झाला. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड थोडं अंतर चालला, मग तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. आता नुसता रॉड बदलून भागणार नाही, अख्खं इंजिनच हवं.

9.30. विम्याचे कागद पाहिले. साध्या पॉलिसीत असं पाण्यानं गेलेलं इंजिन बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, ते दादांनी घेतलेलं नाही. "मिस्त्री, गणपतीची कोकणातली भाडी घेऊन बसलोय हो," एवढंच म्हणाले. बीएस-6 आलं तेव्हा, एप्रिल 2020 मध्ये, मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे जुन्या बाजाराशिवाय इलाज नाही.

11. कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुकानापुढे गिअरबॉक्स, दरवाजे, रेडिएटर, सगळं उघड्यावर. "उस्ताद, अर्टिगाचं घेऊन जा, तेच 1248 सीसी आहे," दुकानदार म्हणाला. सीसी तेच, पण अर्टिगाचं 90 हॉर्सपॉवरचं, टर्बो वेगळा. डिझायरचं 75 चं. बसवलं तरी ईसीयूशी जुळवताना दादांचे दिवस जातील. नको.

12.30. डिझायरची दोन इंजिनं निघाली. पहिल्याला ताजा चंदेरी रंग. ऑइलचं झाकण काढलं तर आतून दुधाळ थर: यातही कधीतरी पाणी गेलेलंच. रंग बघून इंजिन घेणारे लोक मी पाहतो तेव्हा जीव तुटतो, कारण पैसे बहुतेक उसने असतात. दुसरं कळकट, पण गिअरबॉक्ससकट होतं, म्हणून स्टार्टर लावून फिरवता आलं. आधी क्रँकला पाना लावून हातानं दोन फेरे फिरवलं. कुठे अडत नव्हतं. मग ग्लो प्लग काढून एकेका भोकाला कॉम्प्रेशन गेज. इथे घाई करायची नाही. रॉड जरा जरी वाकलेला असला तरी पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही आणि त्या एकाच सिलिंडरचा काटा मागे राहतो. चारही काटे जवळजवळ सारखे आले. दुकानदारालाही तेव्हाच कळलं की आता भाव करावा लागणार.

3. भाव ठरला, पण पैसे द्यायच्या आधी ब्लॉकवरचा नंबर टॉर्चनं वाचला. घासल्याची खूण नाही. ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबर घातलेलं पक्कं बिल घेतलं. ते नसेल तर स्वस्तातलं इंजिनही घेऊ नये. चोरीचा माल निघाला तर भोगतो गाडीमालक. बदललेल्या इंजिनाची खबर 14 दिवसांत आरटीओला द्यावी लागते, तिथे हेच कागद दाखवायचे.

5.30. टेम्पोतून मरोळला, गॅरेजवर. चेनब्लॉकनं उतरवून स्टँडवर घेतलं. पोराला आधी एअर फिल्टरचा डबा आणि टर्बोपर्यंतचे सगळे पाइप सोडायला सांगितले. जुन्या पाइपात साचलेलं पाणी या इंजिनानं ओढलं तर पुन्हा तेच.

8. दादांना फोन केला: उद्या सीलं आणि टायमिंग चेन बघतो, परवा बसवतो. आरटीओच्या अर्जासाठी आरसी घेऊन या.