मुंग्या मोजायच्या, पट्टेही मोजायचे

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमेच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. पुणे शहरात अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याची मुदत 31 मार्च 2013 होती. नरसिंहपूरसारखी खेडी केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्यात होती आणि त्या टप्प्याची मुदत वाढत वाढत 31 मार्च 2017 पर्यंत गेली. त्यामुळे टीव्हीवर मुंग्या येणे म्हणजे काय, हे खेड्यातल्या आजच्या तरुणांनाही आठवत असेल.

या मुंग्यांचे मूळ उष्णतेत आहे. तापमानामुळे धातूतले इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात आणि त्यातून अतिसूक्ष्म विद्युतदाब, म्हणजेच गोंगाट, तयार होतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध 1928 साली प्रसिद्ध झाले. 75 ओहमच्या केबलमध्ये, चित्राच्या 5 मेगाहर्ट्झ पट्ट्यात हा गोंगाट सुमारे सव्वा मायक्रोव्होल्ट भरतो. वातावरणाच्या तापमानाला त्याहून खाली जाणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, हे मला या विषयातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

चित्र स्वच्छ दिसायला सिग्नल गोंगाटापेक्षा निदान 44 डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात 25 हजार पटींनी मोठा लागतो. केबल लांबली की सिग्नल क्षीण होतो, म्हणून वाटेत अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागतात. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचा गोंगाट मिसळतो. एकसारख्या अ‍ॅम्प्लिफायरची संख्या दुप्पट झाली की सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तर 3 डेसिबलने घसरते.

मग सिग्नलची पातळीच वाढवली तर? मुंग्या कमी होतात, पण दुसरे दुखणे सुरू होते. जोरात चालवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाहिन्या एकमेकींत मिसळतात. आपल्याकडच्या चित्रलहरी, म्हणजे वाहिन्यांचे चित्र वाहून नेणाऱ्या लहरी, 7 मेगाहर्ट्झच्या अंतराने मांडलेल्या होत्या. 105.25 आणि 182.25 यांची बेरीज करून 112.25 वजा करा. उत्तर येते 175.25, म्हणजे नेमकी पाचव्या वाहिनीची चित्रलहर! भलत्याच तीन वाहिन्यांचे मिश्रण चौथीच्या डोक्यावर जाऊन बसते. साठ वाहिन्यांच्या जाळ्यात मधल्या एका वाहिनीवर अशी हजाराहून जास्त मिश्रणे पडतात. दोनच वाहिन्यांचे मिश्रण थोडे बाजूला पडते: 105.25 अधिक 112.25 म्हणजे 217.5, अकराव्या वाहिनीच्या चित्रलहरीपासून पाव मेगाहर्ट्झ दूर. पडद्यावर तिरपे पट्टे दिसतात ते अशा मिश्रणामुळे.

तीन वाहिन्यांचे मिश्रण मोजण्याची रीत विलक्षण आहे. ते चित्रलहरीच्या खालीच दडलेले असल्यामुळे आधी कंट्रोल रूममध्ये ती वाहिनी बंद करावी लागते. मग स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर त्या मोकळ्या जागी जे उरते, ती विकृती. गोंगाट मोजताना यंत्राचा स्वतःचा गोंगाटही वजा करावा लागतो. केबल काढल्यावर वाचन फक्त 3 डेसिबलने उतरले, तर मोजलेल्यातला निम्मा गोंगाट यंत्राचाच समजायचा. शिवाय यंत्र 300 किलोहर्ट्झच्या खिडकीतून पाहत असेल, तर 5 मेगाहर्ट्झसाठी वाचनात 12.2 डेसिबल मिळवावे लागतात. हे हिशेब न करता सांगितलेला आकडा निरुपयोगी असतो.

खरी कसोटी या दोन दोषांच्या मधली आहे. पातळी 1 डेसिबलने वाढवली की गोंगाटाचे गुणोत्तर तेवढेच सुधारते, पण तिहेरी मिश्रणाचे गुणोत्तर 2 डेसिबलने बिघडते. अ‍ॅम्प्लिफायरची साखळी जितकी लांब, तितकी सुरक्षित पातळीची फट अरुंद. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ चित्र पोचवणारा केबलवाला या फटीतूनच वाट काढत होता. त्याच्या या कौशल्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.

डिजिटलमध्ये मुंग्या दिसत नाहीत. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन चौकोन होऊन फुटते. तुमच्याकडे तसे होत असेल, तर बॉक्स बदलून मागण्याआधी कनेक्टर तपासून घ्या आणि घरापर्यंत येणारी पातळी मीटर लावून मोजायला सांगा.