जात म्हणजे बंदिस्त वर्ग

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जातीची सहा लक्षणे दिलेली असतात : समाजाचे खंडात्मक विभाजन, उच्चनीचता, खानपानाचे निर्बंध, हक्क व अपात्रता, व्यवसायाची बंधने आणि सर्वांत शेवटी विवाहाची बंधने. डॉ. गो. स. घुर्ये यांच्या १९३२ सालच्या इंग्रजी ग्रंथातली ही यादी विद्यार्थी पाठ करतात. पण यादीत सहाही लक्षणे सारख्या वजनाची वाटतात. त्यांतले कोणते काढले तर बाकीची कोसळतील, हे यादीवरून कळत नाही.

तो प्रश्न सोळा वर्षे आधीच विचारला गेला होता. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या आणि बाजूला ठेवल्या. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकरांची व्याख्या मात्र त्यांना विचारार्ह वाटली. बाहेर लग्न नाही आणि जन्मानेच सभासदत्व, ही केतकरांची दोन लक्षणे. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेतच. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आतच लग्ने करायची म्हटल्यावर बाहेरचा माणूस आत येणार कुठून?

म्हणजे उरते एकच लक्षण, अंतर्विवाह. वर्ग सगळ्याच समाजांत असतात आणि त्यांत ये-जा चालू असते. वर्गाने दार लावून घेतले की त्याची जात होते. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध, म्हणजे बहिर्विवाहाचा नियम जुनाच. त्याच्यावर हे दुसरे कुंपण चढवले गेले.

कुंपण टिकवायचे कसे? इथे निबंध खरी पकड घेतो. गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष साधारण सारखे असतील, तरच सोयरीक आतल्या आत जमेल. नवरा वारला की विधवा ‘जादा’ ठरते. तिने बाहेर लग्न केले तर कुंपण मोडते; आत केले तर एका कुमारिकेचा वर जातो. म्हणून तिला चितेवर चढवायचे, नाहीतर जन्मभर वैधव्यात ठेवायचे. विधुरही जादाच, पण पुरुष म्हणून त्याची किंमत अधिक. त्याला संन्यासी ठेवणे गटाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी वयात न आलेली मुलगी शोधायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तिन्ही रूढींचे गोडवे पुष्कळ गायले गेले. निबंधाच्या मते त्या जात टिकवण्याची साधने होत्या.

यावर एक आक्षेप सुचतो. महाराष्ट्रात कितीतरी जातींत पाट लागत असे, म्होतूर होत असे. तिथे विधवा पुन्हा नांदत होती, तरी जात शाबूत होती. ती कशी? निबंधात याचेही उत्तर आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत आंबेडकरांनी इथे वापरला. अनुकरण वरून खाली वाहते आणि अंतर वाढेल तसे क्षीण होते. ब्राह्मणवर्गाने दार आधी लावले. जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, पुढच्यांनी काही, आणि सर्वांत दूरच्यांनी फक्त जातीतच लग्न करण्याचे तत्त्व. शहाण्णव कुळीचा दावा सांगणाऱ्या घराण्यांत पाट वर्ज्य आणि कुणब्यांत चालू, हा फरक या चौकटीत नीट बसतो. वरच्या जातींचे आचार उचलण्याच्या या प्रक्रियेला पुढे १९५२ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ म्हटले. पाठ्यपुस्तकात तो शब्द ठळक अक्षरांत असतो. १९१६ चा निबंध अनेकदा नसतोच. वगळल्याने नुकसान असे झाले की जात एका प्रकरणात आणि स्त्री दुसऱ्या प्रकरणात गेली. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात आंबेडकरांचे हे लेखन स्त्रीवादी अभ्यासाच्या मध्यभागी आणून ठेवले, तोवर जवळजवळ शतक उलटले होते.

घुर्यांच्या यादीतली काही लक्षणे आज बरीच सैल झाली आहेत. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे, याची चौकशी शहरात कोणी करत नाही. बेटीव्यवहार मात्र तसाच आहे. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास भरले. सती कायद्याने गेली, बालविवाह गुन्हा ठरला, विधवाविवाहाला कायद्याने वाट मिळाली. मुलगी कॉलेजातून किती वाजता परतली आणि तिला कोणाचा फोन आला, यावर घरातल्यांचे लक्ष मात्र अजून असते.