आधी पाय, मग शूज

जून जवळ आला की पावसाआधी हँडबिलं पडू लागतात. सकाळी वर्तमानपत्राची घडी उलगडावी, तर तबला, कराटे, अबॅकस, हस्ताक्षर सुधारणा असे रंगीबेरंगी कागद मांडीवर येतात. अलीकडे त्यांत बहुधा गुलाबी रंगाचा आणखी एक कागद असतो. 'बॅलेचे नवे वर्ग, नवे शिक्षक, वय वर्षे तीनपासून. प्रौढांसाठी स्वतंत्र बॅच.' चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कुठलाही कागद आधी तळापासून वाचायची मला सवय आहे. फी, वेळ, पत्ता, गणवेश, वार्षिक कार्यक्रम, सगळं तिथे असतं. फक्त एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. शिकवणार कोण, आणि ते स्वतः कुठे शिकले?

'बॅले' हा शब्द मराठी घराला तसा नवा नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला बॅले म्हटलं की उदयशंकर आठवायचे. शांती बर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप सुरू केला. त्यांच्या 'रामायणा'त माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचत. पुढे सचिन शंकर यांचं पथक आलं. आपण त्या सगळ्याला नृत्यनाट्य म्हणत होतो आणि ते योग्यच होतं. हँडबिलावरचा बॅले मात्र वेगळ्या घराण्याचा. तो इटलीच्या दरबारांत जन्मला आणि फ्रान्समध्ये वाढला. नृत्यवेड्या चौदाव्या लुईने 1661 साली त्यासाठी अकादमीच काढली. रशियात सेंट पीटर्सबर्गला 1738 मध्ये त्याची शाळा सुरू झाली. म्हणून आजही या नृत्याची भाषा फ्रेंच. गुडघे वाकवले की 'प्लिए', पाय ताणून पुढे नेला की 'तांद्यू'. हवाना असो, टोकियो असो की मुंबई, शब्द तेच. आपल्या कथकचा तत्कार जसा कुठेही गेला तरी तत्कारच राहतो, तसंच हे.

आणि या परक्या नृत्याला आपण अगदीच परके नाही. मारियुस पेतिपाने 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलेल्या 'ला बायादेर'ची नायिका भारतातली देवदासी आहे. आता ती देवदासी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते, हा भाग वेगळा!

मुंबईत तुश्ना डल्लास यांनी 1966 साली बॅलेची शाळा सुरू केली. तेव्हापासून हा दिवा इथे तेवतो आहे. मात्र बॅले घराघरांत पोचला तो अलीकडे, दोन मुलांमुळे. एक मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. दुसरा आमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा. या दोघांना मुंबईत येहुदा माओर नावाचे वयोवृद्ध परदेशी शिक्षक भेटले. आमिरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. 2020 साली सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' हा चित्रपट या दोघांवरून निघाला आणि त्यात मनीषने स्वतःच काम केलं. त्याच वर्षी दिल्लीतल्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्याचे शिक्षक होते फर्नांडो अग्युलेरा. या बातम्या वाचताना आपण मुलांच्या गरिबीकडे पाहून हळहळतो आणि जिद्दीकडे पाहून टाळ्या वाजवतो. माझं लक्ष मात्र दर वेळी त्यांच्या शिक्षकांकडे जातं. अंगात कला असलेली मुलं आपल्या चाळींत आणि वस्त्यांत पूर्वीही असतीलच. त्यांना ओळखणारा डोळा जवळपास नव्हता, एवढंच.

हे सगळं मला पुस्तकातून सुचलेलं नाही. माझी नात नऊ वर्षांची आहे. आमच्या उपनगरातल्या एका वर्गात ती दोन वर्षं बॅले शिकत होती. बाई हौशी होत्या आणि मुलींना त्यांचा लळा होता. दर डिसेंबरात कार्यक्रम व्हायचा, पंखांचे पोशाख यायचे, आम्ही आजी-आजोबा पुढच्या रांगेत बसून फोटो काढायचो. गेल्या वर्षी त्या बाई दुसऱ्या शहरात गेल्या आणि त्यांच्या जागी नवे सर आले. पंचविशीचा मुलगा, शिडशिडीत, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या मुलींना भिंतीलगतच्या आडव्या दांड्याशी उभं केलं आणि प्लिए करायला लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच, दुसऱ्या महिन्यातही तेच. नाच नाही, गाणं नाही, पंख नाहीत.

नात घरी येऊन रडली. "आबा, मला परत पहिलीत घातलं!"

पालकांची सभा झाली. सूनबाईला ऑफिस होतं म्हणून मी गेलो. एक आई म्हणाली, "सर, आम्ही टोकावर उभं राहायचे शूज आणूनसुद्धा ठेवलेत." सर म्हणाले, "ताई, ते राहू देत. आधी पाय तयार होऊ देत." मग त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि दाखवलं. बॅलेत दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले लागतात. हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं. मुली ते गुडघ्यातून आणि घोट्यातून ओढून आणत होत्या. दिसायला पावलं बरोबर दिसतात, पण सगळा पीळ गुडघ्यावर पडतो. तीच गोष्ट टोकावर उभं राहण्याची. या वयात पावलाची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. पाऊल, पोटरी आणि कंबर यांत पुरेसं बळ नसेल, तर सगळा भार कोवळ्या बोटांवर येतो. म्हणून चांगल्या शाळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत, आणि तेही काही वर्षांचं शिक्षण झाल्याशिवाय, ते शूज मुलींच्या पायांत घालू देत नाहीत.

सभेत कुजबुज होती, "हा आल्यापासून मुली काहीच शिकल्या नाहीत." मला मात्र आमची शाखा आठवली. बँकेत नवा मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात उचंत खातं उघडून बसायचा. ज्या रकमांचा मेळ लागलेला नसतो, त्या आम्ही तात्पुरत्या म्हणून तिथे टाकायचो आणि विसरून जायचो. ताळेबंद तर जुळलेला दिसे! नवा माणूस एकेक जुनी नोंद काढून विचारू लागला की सारी शाखा त्याच्यावर चिडायची. पण ज्यांनी ते खातं उघडलंच नाही, त्यांच्या शाखांत पुढे काय निघालं, हेही मी पाहिलं आहे. या मुलाने आमच्या मुलींच्या गुडघ्यांचं उचंत खातं उघडलं होतं. आधीच्या बाईंचं प्रेम खोटं नव्हतं. पण प्रेमाने नोंदी जुळत नाहीत.

त्या वर्षी डिसेंबरात कार्यक्रम झाला नाही. सात-आठ मुली दुसरीकडे गेल्या. तिथे शूज लगेच मिळत होते. वर्गाच्या चालकांचा चेहरा उतरला, कारण भाडं तर दर महिन्याला द्यावंच लागतं. आमच्या घरातही दोन तट पडले. "एवढे पैसे भरून नुसती उठाबशी?" असं आमच्या सौ. म्हणाल्या. शेवटी नातीलाच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर ओरडत नाहीत. चुकलं की कुठे चुकलं ते सांगतात." ती राहिली. ती नर्तकी होईल की नाही, मला ठाऊक नाही. तिचे गुडघे शाबूत आहेत आणि ती हल्ली ताठ बसते, एवढं मी सांगू शकतो.

यंदा जूनमध्ये त्याच वर्गात दोन नव्या बॅचेस सुरू झाल्या. एक मुलग्यांची, पाच जणांची. दुसरी संध्याकाळी, चाळिशीपुढच्या बायकांची. त्यांच्यातल्या एका आजींचा गुडघा दुखतो, म्हणून सर त्यांना खुर्चीचा आधार घेऊन तेच प्लिए करायला लावतात, पण अर्धंच. हे कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं, तर सर म्हणाले, "माझ्या सरांनी. ते म्हणायचे, शरीर बघून शिकव."

तेव्हा वर्ग निवडताना काही गोष्टी अवश्य पाहा. जमीन लाकडी आणि किंचित लवचिक आहे, की काँक्रीटवरची थेट फरशी? उड्या मारणाऱ्या पायांना हा फरक कळतो. एका शिक्षकामागे किती मुलं आहेत? लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही 1920 सालापासून चालत आलेली संस्था मुलांच्या परीक्षा घेते आणि शिक्षकही घडवते. तशी काही तयारी शिक्षकांची झाली आहे का? आणि पहिल्याच वर्षी टोकावर उभं करण्याचं आश्वासन मिळालं, तर नमस्कार करून घरी या.

चांगला शिक्षक कधी कधी आपल्याला त्याच्या दारावरून दुसऱ्याच दारी पाठवतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल तरुणपणी बॅले शिकत होत्या, त्याही अ‍ॅना पावलोवाच्या पथकातल्या नर्तकीकडे. खुद्द पावलोवाने त्यांना आपल्या देशाच्या कलेकडे पाहायला सांगितलं. त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि 1936 मध्ये 'कलाक्षेत्र' उभं राहिलं. जगप्रसिद्ध बॅले नर्तकीने असं सांगावं, याला मोठं मन लागतं.

आमचे सर लोकलने येतात. त्यांना वर्गागणिक पैसे मिळतात. मुसळधार पावसाने वर्ग बुडाला की त्या दिवसाची कमाईही बुडते. आपण सभागृहं बांधतो, त्यांना वातानुकूलन बसवतो, पोशाखांवर हजारो रुपये घालतो. शिकवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मग चांगली मुलं या पेशात टिकणार कशी? पुढच्या वेळी क्लासच्या चौकशीला जाल तेव्हा फी जरूर विचारा. पण त्याआधी शिक्षकांचं नाव विचारा, आणि शक्य झालं तर त्यांच्या गुरूंचंही.