वाद्यांचा माग – भाग ९ : गिरणीतलं पोरगं आणि पाच तारांचा बॅन्जो

अर्धापूर, मुदखेड, भोकर या पट्ट्यात नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो, तेव्हा घोड्यापुढच्या ताफ्याचा सगळा जीव एका लांबट लाकडी पेटीत असतो. हलगी, ढोल-ताशा लय धरतात. पण गाणं कोणतं चाललंय हे सांगतो तो बेंजो. मागच्या भागात संबळाबद्दल लिहिलं होतं. आज बेंजो, आणि त्याच्याच नावाचं पण वेगळ्या घराण्याचं एक परदेशी वाद्य.

आपला बेंजो आधी जवळून पाहू. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी गोल बटणं, उजव्या हाताच्या चिमटीत तार छेडायची पट्टी. बटण दाबलं की त्याच्या खालचा धातूचा तुकडा तारेवर टेकतो, तेवढ्यापुरती तार आखूड होते आणि ठरलेला सूर निघतो. बाजूच्या काही तारा मोकळ्या वाजतात आणि षड्ज धरून ठेवतात. पेटीत बसवलेल्या पिकअपमधून आवाज अ‍ॅम्प्लिफायरला आणि तिथून टेम्पोवरच्या भोंग्यांना जातो. बटणाचा सूर पक्का असल्यामुळे सतारीसारखी मींड यावर निघत नाही. वादक ती उणीव उजव्या हातानं भरून काढतो. एकेका सुरावर पट्टी इतक्या वेगानं फिरते की तुटक सूर सलग ऐकू येतो. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचं असतं. भर उन्हात, धुळीत, चालता चालता ते वाजवायचं म्हणजे किती अवघड, याचा विचार नाचणारे क्वचितच करतात.

हा बेंजो मूळचा जपानी. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तो बनवला. तारांच्या जुन्या जपानी वाद्याला त्यांनी टाइपरायटरच्या धर्तीची बटणं जोडली. तैशो सम्राटाचं राज्य त्याच वर्षी सुरू झालं, म्हणून वाद्याचं नाव तैशोगोतो पडलं. व्यापारी जहाजांतून ते आशियाभर आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेलं. भारतात ते बुलबुल तरंग झालं, बलुचिस्तानात आकारानं वाढून बेंजू झालं आणि महाराष्ट्रात वरातीच्या पुढे येऊन उभं राहिलं.

अमेरिकेतला बॅन्जो याचा भाऊबंदही नाही. गोल कड्यावर कातडं ताणलेलं, म्हणजे हलगीच म्हणा, आणि त्या हलगीला लांब दांडी व पाच तारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या माणसांनी सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर भोपळ्याला कातडं मढवून त्याची सुरुवातीची रूपं घडवली. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टर उडवणारे खेळ सुरू केले आणि त्यासाठी हेच वाद्य हातात घेतलं. ज्यांनी घडवलं त्यांचीच थट्टा करायला ते वापरलं गेलं. बॅन्जो म्हणजे विदूषकाच्या हातातली वस्तू, हा शिक्का नंतर कित्येक वर्षं पुसला गेला नाही.

तो पुसण्यात एका शेतकऱ्याच्या पोराचा फार मोठा वाटा आहे. अर्ल स्क्रग्ज. जन्म ६ जानेवारी १९२४, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, फ्लिंट हिल नावाच्या वस्तीवर. वडील शेती करायचे, बॅन्जोही वाजवायचे. अर्ल चार वर्षांचा असताना ते वारले. घरात बॅन्जो राहिला आणि भावंडं राहिली. त्या भागात तीन बोटांनी बॅन्जो छेडायची रीत आधीपासून होती. स्मिथ हॅमेट, स्नफी जेनकिन्स असे वादक ती वाजवत. अर्ल त्यांच्याच मुलखात वाढला. दहाएक वर्षांचा असताना भावाशी भांडून तो खोलीत जाऊन बसला आणि नादात एक ओळखीची धून वाजवत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपली तीन बोटं आपोआप एकामागून एक फिरताहेत. ही हकिगत तो स्वतः पुढे सांगत असे. तेव्हापासून त्यानं ती बोटं थांबू दिली नाहीत.

त्यानं नेमकं काय केलं, हे आपल्या तालाच्या भाषेत चटकन कळतं. केरव्याच्या आठ मात्रा आपण चार-चार अशा मोजतो. स्क्रग्जची बोटं त्याच आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा वाटतात: अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं. सगळे सूर सारख्या अंतरानं पडतात, पण वजन भलत्याच जागी येतं आणि ऐकणाऱ्याचा पाय आपसूक हलायला लागतो. त्यात पाचवी तार आखूड; ती दांडीच्या मध्यावरच्या खुंटीपासून सुरू होते आणि उंच सुरात वाजत राहते, सतारीच्या चिकारीसारखी. सुरांच्या या सरींमधून मुख्य धून मात्र स्वच्छ ऐकू आली पाहिजे. वेग बऱ्याच जणांना साधतो. इतक्या सुरांच्या गर्दीत गाण्याचा चेहरा ओळखू येणं ही स्क्रग्जची खरी कमाई, आणि माझ्या मते बेंजो वाजवणाऱ्या आपल्या पोरांनी त्याचं वादन ऐकायचं ते याच एका गोष्टीसाठी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो शेल्बी गावाजवळच्या सुताच्या गिरणीत तासाला ४० सेंट मजुरीवर राबत होता. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना पाळी करून आल्यावर वाद्य हातात घेणं म्हणजे काय ते सांगायला नको. युद्ध संपलं आणि त्यानं गिरणी सोडली. डिसेंबर १९४५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यात दाखल झाला. मन्रो केंटकी राज्याचे, मॅन्डोलिन वाजवणारे, तापट आणि शिस्तीचे. त्यांच्या ताफ्यातला आधीचा बॅन्जोवाला स्ट्रिंगबीन हा वादकही होता आणि विनोदवीरही. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्याच जागी हा गंभीर चेहऱ्याचा पोरगा उभा राहिला. तो विनोद करत नव्हता, नुसता वाजवत होता. प्रेक्षकांनी अक्षरशः ओरडून दाद दिली. या ताफ्यानं १९४६ आणि १९४७ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांतून जो बाज ठरला, त्यालाच पुढे ताफ्याच्या नावावरून ब्लूग्रास म्हणू लागले.

१९४८ मध्ये स्क्रग्ज आणि गायक लेस्टर फ्लॅट बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा ताफा काढला. डिसेंबर १९४९ मध्ये मुद्रित झालेली ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ही त्याची धून १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटातून जगभर गेली. १९६८ मध्ये त्यानं आपली बोटांची रीत पुस्तकात मांडली. २०१२ मध्ये तो गेला. शेल्बीतल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आज त्याच्या नावाचं संग्रहालय आहे.

स्क्रग्ज गुणी होता, यात शंका नाही. पण गुण एकटा पुरत नाही. त्याच्या मागे आठवड्याच्या आठवड्याला घराघरांत पोचणारा रेडिओ होता, नाव छापलेली तबकडी होती, पुढे पुस्तक होतं. त्यामुळे दूरच्या गावातलं पोरगं तबकडी हळू फिरवून त्याची सर बोटावर बोट ठेवून शिकू शकलं. आणि त्याच काळात तीच बोटं चालवणाऱ्या काळ्या वादकांना हे दरवाजे जवळजवळ बंद होते, हेही सांगितलंच पाहिजे. रिआनन गिडन्ससारख्या कलावंत गेल्या वीस वर्षांत बॅन्जोचा तो काळा वारसा मंचावर परत मांडताहेत, ते त्याचसाठी.

आपल्या बेंजोकडे यातलं काय आहे? हलगी आणि वाजंत्रीची कला मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या मुख्यतः मातंग समाजानं सांभाळली. बेंजोच्या ताफ्यांतही त्या घरांतली पोरं दिसतात, जोडीला इतर जातीधर्मांचीही. वाजवणाऱ्यांशिवाय वरात हलत नसे, आणि पंगतीत मात्र त्यांचं पान शेवटी पडे. ही वागणूक सरसकट संपली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सुपारी ठरते ती ‘अमुक बेंजो पार्टी’ या नावानं; टेम्पोच्या कापडी फलकावर मालकाचा मोबाइल नंबर असतो, बेंजो वाजवणाऱ्याचं नाव नसतं. गाणी सिनेमातली किंवा जयंतीची, म्हणून त्यानं मध्येच स्वतःच्या अंगानं जोडलेले तुकडे कुणी टिपून ठेवत नाही. त्यात आता डीजे. एका माणसात काम भागतं, म्हणून ताफ्यांच्या सुपाऱ्या कमी होताहेत.

लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख यांनी रवी जाधव दिग्दर्शित ‘बॅन्जो’ या हिंदी चित्रपटात २०१६ मध्ये अशाच वादकाची भूमिका केली. पडद्यावर हा माणूस नायक झाला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. मात्र ती गोष्ट मुंबईच्या वस्तीतली होती. उन्हाळ्याची लग्नसराई आणि जयंत्यांचे दिवस यांवर वर्षाचं गणित बसवणारा, उरलेल्या दिवसांत केळीच्या बागेत किंवा हळदीच्या रानात रोजानं जाणारा अर्धापूरचा वादक त्यात नाही.

बॅन्जो मात्र आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. बेला फ्लेक हा स्क्रग्जच्या वादनानं झपाटून वाद्याकडे वळलेला न्यू यॉर्कचा वादक. त्यानं आपले मुंबईकर झाकिर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया, तसेच डबल बास वाजवणारे एडगर मायर यांच्याबरोबर २०२३ मध्ये ‘अ‍ॅज वुई स्पीक’ हा अल्बम केला. २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात तबल्याच्या बोलांना बॅन्जो उत्तर देतो, ते एकदा तरी ऐका. आणि मग रात्री दहाच्या आत एखादा परण्या दारावरून गेला, तर डोळे मिटून फक्त बेंजोचा उजवा हात ऐका.

अर्धापूर, हदगाव, मुदखेड, अहमदपूर, उदगीर कुठेही असा वादक तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला विचारा: बेंजो कुणाकडून शिकलात, पहिला बेंजो कुठून आणला, तार तुटली तर कुठली घालता, सिनेमातल्या गाण्यात स्वतःचं काय घालता? त्याची परवानगी असेल, तर त्याचं नाव आणि मोबाइलवर मुद्रित केलेला त्याचा एखादा तुकडा या लेखमालेकडे पाठवा. मिळालेलं साहित्य वादकांच्या नावानिशी स्वतंत्र भागात मांडायचं आहे. त्याआधी, पुढच्या आठवड्यात, हलगी.